'स्क्वॉट' : बसणारा कोण, यावरून अर्थ बदलणारा शब्द

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात सध्या बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मूळ इंग्रजीतून वाचणे चालू आहे. एकाने वाचायचे, अडलेला शब्द सगळ्यांनी मिळून सोडवायचा, अशी पद्धत. मागच्या महिन्यात बारावीतली एक मुलगी वाचत होती. साताऱ्याच्या शाळेतल्या गोणपाटाचा प्रसंग आला आणि ती 'स्क्वॉट' या शब्दापाशी थांबली. जिमला जाणारा एक पोरगा लगेच म्हणाला, "अगं, पायांचा व्यायाम. बैठका मारतो ना आपण, ते स्क्वॉट." दुसरा म्हणाला, "आपल्या पद्धतीच्या संडासालाही स्क्वॉट टॉयलेटच म्हणतात." वकिलीचा अभ्यास करणारा तिसरा म्हणाला, "स्क्वॉटर म्हणजे अतिक्रमण करणारा. आमच्या पुस्तकात आहे." तिने पुस्तक खाली ठेवून विचारले, "मग त्या शाळेत बाबासाहेब काय करत होते? व्यायाम की अतिक्रमण?"

हशा झाला आणि लगेच थांबला.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावातले एक आबा नोटीस घेऊन आमच्याकडे आले. गायरानातला दोन एकरांचा तुकडा त्यांच्या वडिलांनी वहितीत आणला. नोटिशीत आबांच्या नावापुढे एकच ओळख होती : अतिक्रमणधारक. आबांना वाचता येत नाही, पण तो शब्द त्यांना बोट ठेवून दाखवता येत होता. त्या मुलीचा प्रश्न आणि आबांची नोटीस आमच्या डोक्यात एकत्र फिरू लागले. म्हणून हा लेख.

आधी गोणपाट. बाबासाहेबांनी हे लेखन १९३५-३६ च्या सुमारास केले आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिका म्हणून काढले. त्यात ते सांगतात की वर्गात त्यांना इतर मुलांमध्ये बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला वेगळे गोणपाट होते आणि शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. या गोणपाटावर 'बसण्या'साठी त्यांनी वापरलेले क्रियापद म्हणजे हे 'स्क्वॉट'. त्या काळच्या इंग्रजीत हिंदुस्थानी माणूस जमिनीवर कसाही बसला, मांडी घालून की उकिडवा, तरी हाच शब्द चालून जाई. त्यामुळे छोटा भीमराव नेमका कसा बसत होता हे शब्दावरून कळत नाही. कळते ते एवढेच की बसण्याची जागा त्याला रोज उचलून न्यावी लागत होती. वर्गात त्याच्या मालकीची वीतभर जमीनसुद्धा नव्हती. फाटक्या पोत्याएवढी तात्पुरती जागा होती, आणि तीही शाळा सुटेपर्यंत. मुलीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : व्यवस्थेच्या नजरेत ते अतिक्रमणच होते. रोज सकाळी बसायचे आणि संध्याकाळी जागा रिकामी करून द्यायची.

आपल्या मराठीत बसण्याचे किती प्रकार आहेत बघा. मांडी घालणे, फतकल मारणे, पाय पसरून बसणे, टेकणे, चवड्यांवर बसणे, उकिडवे बसणे. शिवाय ठाण मांडणे, बस्तान बसवणे, ठिय्या देणे आहेच. 'बैठक' हा एकच शब्द तालमीतल्या व्यायामालाही आहे, दिवाणखान्यातल्या गादीलाही आहे आणि कमिटीच्या मीटिंगलाही आहे. या सगळ्यांत उकिडवे बसणे वेगळे. मांडी घालणारा माणूस आता थोडा वेळ उठणार नाही, हे बघणाऱ्याला कळते. जेवायला, पूजेला, पंगतीला, न्यायनिवाड्याला मांडी. उकिडवा बसलेला माणूस मात्र कुठल्याही क्षणी उठू शकतो. हाक आली की हात गुडघ्याला लावून उभा. गावगाड्यात पाटलाच्या वाड्यासमोर, चावडीच्या पायरीखाली, सावकाराच्या ओट्यापुढे आपली माणसे कशी बसत, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. खाटेवर बसायचे नाही, ओट्यावर टेकायचे नाही, मांडी ठोकून बसायचे नाही. उरले काय? उकिडवे. त्या बसण्यात आराम नव्हता, हुकुमाची वाट पाहणे होते. वतनाची चाकरी अशी चोवीस तासांची होती, आणि ती वतनाची बेडी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बिल आणले, ही गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचावी.

संडासाचा अर्थ आम्ही मुद्दाम लांबवत नाही, कारण तिथे फार बोलायची गरज नाही. एक माणूस उकिडवा बसून उठून जातो आणि दुसरी बाई टोपली घेऊन मागून येते. दोघांचेही गुडघे सारखेच वाकतात. एकाचे वाकणे देहधर्म आणि दुसरीचे वाकणे जातधर्म. कोरडे संडास बांधण्यावर बंदी आणणारा कायदा १९९३ चा, हाताने मैला उचलण्याविरुद्धचा नवा कायदा २०१३ चा. गटारात उतरणारी माणसे आजही मरत आहेत.

इंग्रजी शब्दाचे मूळ आम्हाला जास्त बोलके वाटले. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता चिरडणे, दाबून सपाट करणे. पुढे इंग्रजीत तो 'अंग चोरून, दबून बसणे' असा झाला. म्हणजे आधी कोणीतरी दाबतो आणि मग दबलेला माणूस जसा दिसतो त्याला हे नाव. 'दलित' शब्दाच्या मुळाशीही मोडणे, चिरडणेच आहे. त्या शब्दाने स्वतःला ओळखावे की नाही यावर आपल्यात वाद आहे; आम्ही स्वतःला बौद्ध म्हणतो, आणि तो वाद इथे काढत नाही. पण गंमत बघा, दोन्ही भाषांत चिरडणारा शब्दातून गायब होतो आणि चिरडलेला तेवढा दिसत राहतो.

बरे, उकिडवे बसणे हीच मुळात हीन गोष्ट आहे का? मुळीच नाही. १८९३ च्या सुमारास लाहोरच्या मेडिकल कॉलेजातला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक हॅवेलॉक चार्ल्स याने पंजाबी माणसांच्या पायाची हाडे तपासली. घोट्याच्या सांध्यावर त्याला काही वेगळे गुळगुळीत पृष्ठभाग दिसले आणि ते उकिडवे बसण्याच्या सवयीचे आहेत असे त्याने मांडले. अशा खुणा पुढे युरोपातल्या मध्ययुगीन सांगाड्यांवरही सापडल्या. म्हणजे ज्या गोऱ्यांना आपले बसणे रानटी वाटे, त्यांचे पूर्वजही तसेच बसत होते. खुर्ची आली आणि विसरले. मार्सेल मॉस हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ आम्हाला एम. ए. ला होता. १९३४ च्या आपल्या व्याख्यानात तो सांगतो की पहिल्या महायुद्धात आघाडीवर चिखलात मुक्काम पडला की त्याच्याबरोबरचे ऑस्ट्रेलियन सैनिक आरामात टाचांवर बसत आणि त्याला मात्र उभे राहावे लागे. लहान मूल सहज उकिडवे बसते आणि आपण ते मुलाकडून काढून घेतो, ही आपल्या समाजाची मोठी चूक आहे, असे त्याचे मत. शरीर काय करते हेही समाज शिकवतो, हा त्याचा मुद्दा. आम्ही त्यात भर घालू : त्या करण्याला मान द्यायचा की अपमान, हे जात शिकवते. तेच बसणे आज जिममध्ये महिन्याची फी भरून शिकवले जाते, आरशासमोर, बूट घालून.

आता जमिनीचा अर्थ. इंग्रजीत 'स्क्वॉटर' म्हणजे कागद नसताना जमिनीवर बसलेला माणूस. हा अर्थ अठराव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रूढ झाला. या शब्दाचा प्रवास पाहिला की कायदा कोणाच्या बाजूने झुकतो याचा धडाच मिळतो.

ऑस्ट्रेलियापासून सुरुवात करू, कारण तिथे शब्द चक्क उलटा झाला. इंग्रजांनी तिथे वसाहत केली १७८८ साली. सरकारने आखलेल्या हद्दीबाहेर जाऊन बसणाऱ्यांना सुरुवातीला 'स्क्वॉटर' ही शिवी होती. सुटलेले कैदी, जनावरे चोरणारे, अशी त्यांची ख्याती. पण लवकरच पैसेवाले गोरे मेंढ्यांचे कळप घेऊन त्याच हद्दीबाहेर घुसले. लोकर विलायतेच्या गिरण्यांना हवी होती. मग सरकारने काय केले? बुलडोझर नाही पाठवला. १८३६ साली वर्षाला दहा पौंडांचा परवाना काढला, आणि १८४७ च्या आदेशाने लांब मुदतीचे पट्टे देण्याची सोय झाली. हजारो एकरांवर बेकायदा बसलेले लोक बघता बघता देशाचे सरदार झाले. त्यांच्या वर्गाला अभिजनशाहीच्या चालीवर 'स्क्वॉटोक्रसी' असे नावही पडले. 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' या १८९५ च्या सुप्रसिद्ध गाण्यात स्क्वॉटर येतो तो घोड्यावर बसून, पोलिसांना सोबत घेऊन, आणि एका मेंढीसाठी भटक्या मजुराच्या मागे लागतो. साठ-सत्तर वर्षांत चोर मालक झाला आणि उपाशी माणूस चोर.

आणि ज्यांची ती जमीन होती ते आदिवासी? १८३८ साली मायॉल क्रीक येथे किमान अठ्ठावीस आदिवासी बायका, मुले, म्हातारे कापले गेले. त्या खटल्यात सात गोऱ्यांना फाशी झाली हे अपवादाने घडले. बाकीच्या बहुतेक कत्तलींना खटलाच नाही. पुढे १९६६ साली गुरिंजी या आदिवासी समाजाच्या मजुरांनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली वेव्ह हिल नावाच्या प्रचंड पशुपालन केंद्रावरचे काम सोडले आणि वॅटी क्रीक या ओढ्याकाठी मुक्काम ठोकला. पट्टा वेस्टी या ब्रिटिश कंपनीकडे, त्यामुळे कागदावर बेकायदा कोण? हजारो वर्षे तिथे राहिलेले गुरिंजी. ते उठले नाहीत. नऊ वर्षांनी, १९७५ साली, पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतून काही जमिनीचा पट्टा दिला. आमच्या अभ्यासवर्गाच्या भिंतीवर तो फोटो लावला आहे.

अमेरिकेत तर १८४१ च्या कायद्याने सरकारी जमिनीवर आधीच बसलेल्याला १६० एकरांपर्यंत जमीन एकरी सव्वा डॉलरने विकत घेण्याचा पहिला हक्क दिला. तो बसलेला माणूस कोण, गोरा. जमीन कोणाची, तिथल्या मूळ रहिवाशांची. तिथे अतिक्रमणाला 'पायोनियर' म्हणतात आणि त्यावर सिनेमे काढतात.

दक्षिण आफ्रिकेत तोच शब्द काळ्या माणसासाठी वापरला गेला आणि त्याचा गुन्हा झाला. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य आफ्रिकनांसाठी देशातली जेमतेम सात टक्के जमीन राखली. उरलेल्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारा काळा शेतकरी एका रात्रीत उपरा ठरला. सॉल प्लाटजे यांनी गुरे हाकत रस्त्यावर आलेल्या त्या कुटुंबांची हकिकत १९१६ साली पुस्तकात लिहून ठेवली आहे. मग माणसे शहरांकडे गेली. १९४४ साली जोहान्सबर्गच्या ऑर्लँडो भागात जेम्स म्पान्झा यांनी बेघर भाडेकरूंना घेऊन मोकळ्या जागेवर पोत्यांच्या झोपड्या उभ्या केल्या. त्यांच्या चळवळीचे नाव सोफासोंके, म्हणजे आपण सगळे एकत्र मरू. पोत्यांच्या झोपड्या वाचल्यावर आम्हाला पुन्हा ते गोणपाट आठवले. वर्णद्वेषी सरकारने १९५१ मध्ये बेकायदा स्क्वॉटिंग रोखण्याचा खास कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९९८ च्या कायद्याने तो रद्द झाला. नव्या कायद्यात भर गुन्ह्यावर नाही. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही घराबाहेर काढता येणार नाही, आणि आदेश देताना न्यायालयाने म्हातारे, मुले, अपंग, बाईच्या जिवावर चाललेली घरे यांचा विचार करायचा, असे त्यात लिहिले आहे. राज्य कोणाच्या हातात आहे यावर शब्दाचा अर्थ ठरतो, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

आपल्याकडे काय आहे? मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण रीतसर नोटीस देऊन उठवता येईल असेही म्हटले. २००० साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, सार्वजनिक जागेवर बसलेल्याला पर्यायी जागा फुकट देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणे, अशा अर्थाची उपमा वापरली. पंधरा वर्षांत पोट भरणारा माणूस खिसेकापू झाला. कायदा तोच होता, हवा बदलली होती.

गावाकडची गोष्ट याहून जुनी. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. मग १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह झाला. बायाबापड्यांसह लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी काय होती? पडीक जमीन कसायला द्या. बंगला नाही, गिरणी नाही. जिथे गवत उगवते तिथे ज्वारी पेरू द्या. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात आज आपल्या लोकांच्या हातात जी गायराने दिसतात त्यामागे हे जेल आहे. त्या काळच्या म्हाताऱ्या अजून सांगतात, कडेवर पोर आणि हातात निळा झेंडा घेऊन आम्ही गाडीत बसलो.

आणि इथे एक विचित्र गाठ आहे, जी कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीयांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करायची ठरली. ती तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. पण हक्क मिळवायचा तर सिद्ध काय करायचे? की आपण त्या तारखेआधी अतिक्रमण केले होते. पुरावा कोणता? तलाठ्याकडची गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही, पंचनामे, महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली भरलेल्या दंडाच्या पावत्या. ज्याने जास्त वेळा दंड भरला त्याचा दावा जास्त मजबूत. ज्याचा वशिला होता आणि ज्याला कधी दंडच झाला नाही त्याच्याकडे कागद नाही. आणि ज्या गरिबाची नोंद तलाठ्याने गावच्या दबावाने केलीच नाही, त्याच्याकडेही नाही. आपल्याच गुन्ह्याची पावती जपून ठेवा, तीच तुमची सनद आहे, असे सांगणारी ही व्यवस्था! दंड-बैठका म्हणतात ते हेच असावे. दंड आपल्या लोकांनी भरले आणि बैठका मंत्रालयात झाल्या.

गायराने ही गावाच्या जनावरांची सामाईक जमीन आहे, ती वाचली पाहिजे, हा युक्तिवाद आम्ही झटकून टाकत नाही. सामाईक जमीन गिळणारे लोक आहेतच. संस्थांच्या इमारती, कारखान्यांची गोडाऊने, पुढाऱ्यांचे पेट्रोल पंप कुठे उभे आहेत ते प्रत्येक तालुक्यात माहीत आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावच्या जमिनी मोकळ्या करा म्हणताना भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला आहे. निकालाचा पहिला भाग नोटिशीत येतो, दुसरा येत नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, राज्यभरात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे पुढे आले आणि नोटिशींचा पाऊस सुरू झाला. त्या दोन लाखांत पेट्रोल पंप किती आणि ज्वारीचे तुकडे किती, याची वेगळी यादी मागितलीच पाहिजे.

आपल्या घरातलेही थोडे बोलू. काही ठिकाणी आपल्याच लोकांनी हे तुकडे शंभराच्या स्टँपवर विकून टाकले. जवळपास सगळीकडे नोंद पुरुषाच्या नावावर आहे, जेलमध्ये गेलेल्या आजीचे नाव कुठेच नाही. आणि शहरातल्या आपल्या वस्त्यांत, कट-ऑफ तारखेच्या आत बसलेले लोक तारखेनंतर आलेल्या परप्रांतीय मजुराला त्याच 'अतिक्रमण' शब्दाने हाकलताना आम्ही ऐकले आहे. शब्द किती पटकन हात बदलतो.

आबांच्या नोटिशीला उत्तर लिहायला बसलो तेव्हा वकील मित्र म्हणाला, अर्जदाराची ओळख 'अतिक्रमणधारक' अशीच लिहा, कारण नियमित करण्याची मागणीच अतिक्रमणाची आहे. आमची आणि त्याची दोन तास हुज्जत झाली. शेवटी असे ठरले : वर ओळख 'जमीन कसणारे भूमिहीन शेतमजूर', आणि खाली परिशिष्टात १-ई चा उतारा व पावत्या. कचेरीतल्या बाबूने अर्ज वाचून परत सरकवला. नोटिशीतला शब्द वापरा म्हणाला. आबा तोवर व्हरांड्यात भिंतीशी उकिडवे बसून होते, सवयीने. त्यांनी आमचे बोलणे ऐकले, डोक्याचा रुमाल काढून फरशीवर अंथरला आणि त्यावर मांडी घालून बसले. म्हणाले, "शिक्का मारल्याबिगर म्या काय हलत न्हाई." दीड तासाने पोच मिळाली.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. आबांकडे १९८६ ची एक आणि १९८८ च्या दोन पावत्या निघाल्या, आईच्या ट्रंकेत बाबासाहेबांच्या फोटोमागे घडी घालून ठेवलेल्या. १९८६ च्या पावतीवरचा आकडा आता जेमतेम वाचता येतो. ज्यांच्या घरी अशा पावत्या असतील त्यांनी आजच त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढाव्यात आणि १-ई चा उतारा माहितीच्या अधिकारात मागवून ठेवावा. जुनी शाई उडते.